नव्या वस्तीसाठी 132 केव्ही लाइन: टॉवर, मोनोपोल की केबल? (विजापूर रोड–होटगी रोड पट्टा)

नकाशेवाला

विषय ठरलेल्या एखाद्या प्रकल्पाचा नाही, नियोजनाचा आहे. जुळे सोलापूर भरलं, आता सोरेगाव आणि होटगी रोडच्या बाजूला ले-आउट पडतायत. अशा पट्ट्याला 33 केव्हीच्या लांब फीडरवर किती दिवस पोसायचं?

हिशेब साधा आहे. दहा हजार घरांनी एकाच वेळी सरासरी दीड किलोवॅट घेतलं तर 15 मेगावॅट होतात. 33 केव्हीच्या ‘डॉग’ मापाच्या तारेची एक सर्किट, म्हणजे तीन तारांचा एक संच, साधारण तेवढ्यालाच टेकते. 30 एमव्हीए (ढोबळ मानाने तेवढेच मेगावॅट) न्यायचे तर 33 केव्हीवर 525 अँपियर लागतात, 132 केव्हीवर 131. प्रवाह चौथ्या हिश्श्यावर आला की तेवढ्याच रोधाच्या तारेत होणारी गळती सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून भाराच्या जवळ 132/33 चं, म्हणजे दाब 132 वरून 33 वर उतरवणारं केंद्र हवं आणि तिथवर लाइन हवी.

माझं मत असं: जवळच्या चालू 132 केव्ही लाइनला लिलो करायचं, म्हणजे ती लाइन मध्ये तोडून एक सर्किट केंद्रात आत आणायची आणि दुसरी बाहेर न्यायची. मार्ग 8 किमी धरू. डबल सर्किट, ‘डॉग’हून जाड ‘पँथर’ तार, जाळीचे टॉवर, शेतांच्या कडेने. सरळ मार्गावर 300 मीटरच्या गाळ्याने (दोन टॉवरमधल्या अंतराने) 27-28 टॉवर बसतात. तारेला एका सर्किटमागे 45 अंश हवेतही 80 एमव्हीएच्या आसपास झेपतं. केबलचा खर्च याच्या कित्येक पट, मोनोपोलचाही, म्हणजे एकाच उंच पोलादी खांबाचाही, दुप्पट-अडीचपट. स्वस्तातलं आणि दुरुस्तीला सोपं सोडून महागाकडे का जायचं, ते कुणी सांगेल का?

सातबारा

स्वस्त कुणाला, ते आधी सांगा साहेब. 132 केव्हीच्या तारांखाली मोकळा ठेवायचा पट्टा 27 मीटरचा. 8 किमी गुणिले 27 मीटर म्हणजे 21.6 हेक्टर, 53-54 एकर. संपादन होत नाही, सातबाऱ्यावर नाव मालकाचंच राहतं. वीज कायदा 2003 च्या कलम 164 खाली टेलिग्राफ कायद्याचे अधिकार मिळाले की संमती नसली तरी काम अडत नाही. मालकाने विरोध केला तर जिल्हाधिकारी आदेश देतात, मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं. काम झालेलं असतं, भांडण उरतं फक्त पैशाचं.

केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरच्या चार पायांमधल्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के आहेत. मार्च 2025 मध्ये पट्ट्याचा दर महापालिका हद्दीत 60 आणि नगरपालिका व इतर नागरी नियोजन क्षेत्रात 45 टक्के केला. राज्याने ते तसंच स्वीकारलं पाहिजे, हा भाग वेगळा. आता शेतकऱ्याला तारेखाली ज्वारी, हरभरा घेता येतो, त्याला 30 टक्के एकवेळ परवडतील. पण 27 मीटर म्हणजे 88 फूट. 30 बाय 40 च्या प्लॉटांच्या पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगा त्यात जातात. घर बांधताच येत नसेल तर त्या माणसाचं नुकसान 60 टक्के कसं? शंभरच की ओ.

तारओढ्या

सातबारा यांच्याशी सहमत, आणि एक भर. गुंठेवारीत घेतलेल्या अर्ध्या लोकांचं नाव सातबाऱ्यावर स्वतंत्र लागलेलंच नसतं. नोटीस मूळ मालकाला जाते, मोबदलाही तोच उचलतो. पायाचा खड्डा मारायला जेसीबी येतो तेव्हा प्लॉटवाल्याला कळतं.

ट्रेंच

तर मग शहरी हद्दीतले शेवटचे 2 किमी केबल करा. उरलेले 6 किमी टॉवरवर. पूर्ण 8 किमीला मीही हो म्हणणार नाही: लिलोच्या दोन सर्किट म्हणजे एकेरी गाभ्याच्या सहा केबल, 48 किमी माल. 500 मीटरचा ड्रम धरला तर 15 ठिकाणी मिळून 90 जोड. 2 किमीला मात्र 12 किमी केबल, चार तुकडे, तीन जॉइंट-बे (जोड करायचे खड्डे), 18 जोड. हे आवाक्यातलं आहे. दीड मीटर खोल चर, दोन सर्किटमध्ये मोकळं अंतर, वर काँक्रीटच्या फरश्या आणि धोक्याची पट्टी. वादळ नाही, पतंगाचा मांजा नाही, गॅलरीतून हात लांब करायची भीती नाही.

काळी माती

चार तुकडे करू नका. शीथचं, म्हणजे केबलवरच्या धातूच्या आवरणाचं, क्रॉस-बाँडिंग तीनच्या पटीत बसतं. तीन समान तुकडे करून दोन जागी शीथची अदलाबदल केली की प्रेरित दाब एकमेकांना खातात. चौथा तुकडा लोंबकळत राहतो, त्याला एका टोकाला अर्थ करून दुसऱ्या टोकाला दाब रोखणारं लिमिटर लावायची वेगळी व्यवस्था करावी लागते. 670 मीटरचे तीन ड्रम मागवले तर दोन जॉइंट-बे, 12 जोड. तेवढा ड्रम गल्लीत वळतो का, ते आधी ट्रेलरच्या मापाने बघा. एक बे आठ-दहा मीटर लांब आणि दोन-अडीच मीटर रुंद लागतो, जोड पूर्ण होईपर्यंत वर तंबू, आत कोरडी हवा. म्हणजे तो रस्ता काही दिवस बंद.

खरी अडचण मात्र आपल्या मातीची. केबलची क्षमता ठरवताना जमिनीचा उष्णतारोध 1.5 केल्विन-मीटर प्रति वॅट असा काहीतरी धरतात. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ओल उडालेली असते, आणि भेगेतली हवा उष्णता सोडत नाही. रोध दुप्पट झाला तर क्षमता 25-30 टक्के उतरते. आणि सोलापुरात सगळ्यात जास्त भार कधी? त्याच महिन्यांत. खोदलेली माती परत चरात लोटली तर केबल उन्हाळ्यात आतून भाजते. चाळलेली वाळू आणि थोडं सिमेंट असा मापून केलेला भराव टाकायचा, नाहीतर टाकूच नका. निविदेत हा भराव असतो, जागेवर वाळूचे ट्रक मोजणारा कुणी नसतो.

ट्रेंच

ते तपासता येतं. भराव झाल्यावर रोध मोजायची सुई येते, दर शंभर मीटरवर एक वाचन घ्यायचं. बाहेरच्या आवरणाला एक मिनिट डीसी दाब देऊन चाचणी, जास्तीत जास्त 10 केव्ही. टोचलेली केबल तिथेच सापडते. पैसे अडकवा, काम होतं.

नकाशेवाला

चाचणी पास झाली तरी चार वर्षांनी ड्रेनेजवाला पोकलेन लावतो त्याचं काय? हवेतल्या लाइनवर पक्ष्याने किंवा विजेने फॉल्ट झाला तर ऑटो-रिक्लोज सेकंदाभरात लाइन आपोआप परत चालू करतं. केबलला ते देत नाहीत, कारण केबलमधला फॉल्ट आपोआप बरा होत नाही. जागा शोधा, खणा, दोन जोड आणि मधे नवा तुकडा. शिवाय 132 केव्हीचे जोड करणारा माणूस सोलापुरात बसलेला नसतो, बाहेरून बोलवावा लागतो. टॉवरवर तुटलेला इन्सुलेटर एका शटडाउनमध्ये बदलतो, केबलला आठवडे जातात.

मधला दुभाजक

दोघंही दोन टोकांना ओढताय. आराखड्यातल्या 24 मीटर रस्त्याच्या दुभाजकात मोनोपोल बसवा. गाळा 150 मीटर ठेवला की झोळ (तारेचं लोंबणं) कमी, झोळ कमी म्हणजे वाऱ्याने तार बाजूला जाते तीही कमी. मध्यापासून तार धरणाऱ्या आडव्या हाताची लांबी साडेतीन मीटर, झोका पावणेदोन-दोन मीटर, आणि इमारतीपासून 132 केव्हीला आडवं किमान अंतर 2.9 मीटर. झाले सव्वाआठ-साडेआठ. दोन्ही बाजू मिळून 17 मीटर. कुणाचा प्लॉट जात नाही, मोबदल्याचा प्रश्नच नाही. जाळीच्या टॉवरला पाच-सहा मीटरचा चौकोन लागतो, एंगल टॉवरला त्याहून मोठा. याला जमिनीवर दीड-दोन मीटरचा बुंधा. शिवाय टॉवरचे खालचे अँगल काढून भंगारात विकतात तो प्रकार इथे होत नाही.

तारओढ्या

24 मीटर नकाशावर. जागेवर बैलगाडीची वाट असते! रस्ता ताब्यात नसताना दुभाजकात खांब कुठे रोवणार? आणि बुंधा दीड मीटर असला तरी खाली पाया चार-पाच मीटरचा, काळ्या मातीत तो फुगणाऱ्या थराखाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. त्याच दुभाजकाखाली पाण्याची मुख्य लाइन टाकलेली असली की संपलं. 18 मीटरच्या रस्त्यावर तर तुमचं गणित अर्ध्या मीटरवर येतं, आणि पुढे काढलेल्या गॅलऱ्या धरल्या तर उरतच नाही.

वळणांचंही धरा. रस्ता जिथे वळतो तिथे लाइन वळते. 2 अंशांच्या वळणापर्यंत साधा टॉवर, 15 पर्यंत बी टाइप, 30 पर्यंत सी, त्यापुढे 60 पर्यंत डी. डी टाइप साध्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा. वळणावरच्या मोनोपोलचा पाया बघितला तर केबल स्वस्त वाटायला लागेल.

छतावरची बॅटरी

मुळात लाइन हवीच का? जुन्या लाइनवर एचटीएलएस, म्हणजे जास्त तापूनही कमी लोंबणारी तार ओढा. तेच टॉवर, तोच झोळ, दीडशे अंशांपर्यंत चालते, जवळजवळ दुप्पट प्रवाह. 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत छतांवर पॅनेल चढतायत. एवढ्या उन्हाच्या गावात नवे टॉवर म्हणजे अघळपघळ खर्च.

नकाशेवाला

एचटीएलएसने जुन्या केंद्रापर्यंतची वीज वाढते. तिथून जुळे सोलापूरच्या पलीकडे 33 केव्हीचं अंतर तेवढंच राहतं, आणि माझा प्रश्न तिथला आहे. दुप्पट प्रवाह म्हणजे त्याच रोधाला चौपट गळती, तेही धरा. सूर्य सातला मावळतो, एसी अकराला जोरात असतो. बॅटरीने दोन तास निघतील, पण एक लाइन बंद पडली तर दुसरीने भार उचलायचा हा नियम बॅटरीने पाळता येत नाही.

छतावरची बॅटरी

संध्याकाळचे दोन-तीन तास निघाले तर केंद्र पाच वर्षं पुढे ढकलता येतं, एवढंच म्हणणं आहे. आणि लाइनमुळे तब्येतीला होणाऱ्या त्रासाचं कुणीच बोललं नाही. केबल केली की तो त्रास तरी मिटतो.

काळी माती

मिटत नाही. केबलचं आवरण अर्थ केलेलं असल्याने विद्युत क्षेत्र वर येत नाही, चुंबकीय क्षेत्र येतं. तीन केबल त्रिकोणात चिकटून टाकल्या तर ते कमी असतं आणि बाजूला सरकलं की झपाट्याने उतरतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा लोकांसाठी 200 मायक्रोटेस्ला आहे, 132 केव्हीच्या तारेखाली ते सहसा एक आकडी असतं. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला ‘2बी’ गटात, म्हणजे ‘कदाचित’च्या खान्यात टाकलं, ते मुख्यतः लहान मुलांच्या रक्तकर्करोगाच्या अभ्यासांवरून, आणि ते अभ्यास ठाम नाहीत. घाबरायचंच असेल तर बोअरगाडीला घाबरा. 132 केव्हीच्या तारेला जमिनीपासून किमान 6.1 मीटर अंतर पुरतं असं नियम म्हणतो, आणि बोअरगाडीचा उभा मास्ट त्याच्या वर जातो. नव्या वस्तीत दर प्लॉटला बोअर पडतो. तिथे किमान अंतरावर थांबू नका, टॉवरला 3 मीटरचं एक्स्टेन्शन लावून 9 मीटर ठेवा. लोखंड थोडं वाढतं, बस्स.

सातबारा

हे पटलं. उसाचं पाचट जाळताना ट्रिपिंग होतं तेही कमी होईल.

तारओढ्या

एक्स्टेन्शन लावा, पण होटगी रोडच्या विमानतळाकडून उंचीची परवानगी आधी घ्या. नाहीतर लावलेलं काढायला लागेल. होटगीकडच्या रेल्वेवरून जायचं असेल तर काटकोनात, आणि तार ओढताना रेल्वेचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून दिलेली वेळ, लागतो. मार्ग ठरवताना हे दोन बिंदू आधी पक्के करा, मग मधली रेघ. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: सरळ रेघ मारतात, रेल्वे नाही म्हणते, मग दोन डी टाइप वाढतात.

दुसरं. सविस्तर सर्व्हे आणि पायाचं काम यांत दोन-दोन वर्षं जातात, तेवढ्यात गाळ्याच्या मधोमध दुमजली घर उभं राहतं. पाया खणायच्या आधी चेक सर्व्हे पुन्हा करायचा असतो, तो कागदावरच उरकतात. 132 केव्हीला घराच्या छतापासून उभं 4.6 मीटर अंतर लागतं. तार ओढल्यावर मोजलं आणि कमी भरलं की मधे टॉवर घाला, परत जमीन, परत नोटीस.

नकाशेवाला

म्हणूनच पहिल्या दिवशीच 27 मीटरची पट्टी विकास आराखड्यात रेखाटून टाका म्हणतोय. ले-आउट मंजूर करताना ती मोकळी जागा आणि सर्व्हिस रोड म्हणून धरायची. मग टॉवर की मोनोपोल हा वाद फारसा उरत नाही, आणि केबलची मागणी तर होणारच नाही.

सातबारा

पट्टी रेखाटली की त्या गटाचा भाव त्याच दिवशी पडतो. लाइन दहा वर्षांनी येते, मोबदला लाइन आल्यावर. मधली दहा वर्षं त्या माणसाने काय विकायचं? रेखाटलेल्या तारखेच्या आधीच्या दराने, व्याजासकट, तेव्हाच अर्धे पैसे देणार असाल तर लगेच सही करायला लावतो सगळ्यांना.

नकाशेवाला

अर्धे आधी द्यायचे तर ते कुठल्या खात्यातून? पारेषणाचा खर्च वीज नियामक आयोगाने मंजूर केलेल्या दरातून निघतो, आणि लाइन चालू झाल्याशिवाय तो दरात चढत नाही. महापालिकेने भरायचे म्हटलं तर ती म्हणणार, लाइन आमची नाही.

ट्रेंच

ले-आउट करणाऱ्याकडून विकास शुल्कात घ्या. प्लॉट विकताना ‘वीज जवळ’ म्हणून भाव तोच वाढवतो.

सातबारा

तो ते प्लॉटवाल्याकडूनच वसूल करेल. पण निदान पट्टी कुठून जाते ते विकायच्या आधी सांगेल.