देशमुखाचा वाडा पाडून तिथं आरसीसी वाचनालय बांधायचं का? मोकळं बोला

मांजराकाठचा:
रामराम मंडळी. आमच्या गावातला देशमुखवाडा पाडायचं चाललंय. नवीन इमारतीला निधी आलाय आणि १ मेच्या ग्रामसभेत विषय येणार आहे. मी सध्या पुण्याला असतो पण दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास त्याच वाड्यातल्या वाचनालयात केलाय म्हणून राहवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाडा जुना, दगडी, सागवानी खांब, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळं झालं, १९५० चा कुळकायदा आला, जमीन कुळांकडं गेली आणि घरातली माणसं एकेक करून हैदराबादला, पुण्याला निघून गेली. रिकाम्या वाड्यात आधी शाळेचे वर्ग भरले, मग शाळा गावाबाहेर गेली आणि सारा मोजायची जी कचेरीची खोली होती तिथं वाचनालय आलं. ढेलजेत, म्हणजे दरवाजाजवळच्या ओट्यावर, तलाठी बसायचा, मागच्या सोप्यात अंगणवाडी, आणि ज्या बळदात ज्वारी भरायचे तिथं आता जुने पेपर रचून ठेवलेत. म्हणजे ज्या खोलीत गावाचं देणं लिहिलं जायचं त्याच खोलीत बसून आम्ही पुस्तकं वाचली. हे नव्या इमारतीत कुठून आणायचं?

आणि वापर असला की वाडा टिकतो हो. माळवदाला दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकावी लागते, पन्हाळं मोकळी करावी लागतात, आणि कुलूप लागलं की दोन पावसाळ्यात तुळईचं टोक कुजतं, वाळवी लागते, मग खण बसतो. आपल्या संभाजीनगरातच बघा. मलिक अंबरनं १६१६ ला बांधलेला नौखंडा महाल, तिथं आज मुलींचं कॉलेज आहे. औरंगजेबाच्या किल्ले अर्कात १९२३ ला निघालेलं सरकारी कॉलेज आहे, पहाडसिंगपुऱ्यातला सोनेरी महाल बुंदेल्या सरदाराचा, त्यात म्युझियम आहे. लोक आत-बाहेर करत राहिले म्हणून त्या जागा अजून लोकांच्या डोळ्यासमोर आहेत.

तेरणेकडचा:
तुमचं दुःख समजतं पण मी औसा तालुक्यातला आहे, मला माळवदाचं कौतुक सांगू नका. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. मी नऊ वर्षाचा होतो. सरकारी आकडा आठ हजाराच्या घरातला आहे, आणि आमच्याकडं त्यातली बहुतेक माणसं भूकंपानं नाही, घरानं मारली. दोन-अडीच फुटी भिंत, दगडावर दगड आणि मधी माती, वर दर वर्षी टाकत गेलेली तीच तुमची पांढरी माती, काही घरावर तर दोन-दोन फुटाचा थर. माझ्या चुलतीला काढलं तेव्हा अंगावर दगड कमी आणि माती जास्त होती.

त्या वाड्याच्या मागच्या सोप्यात अंगणवाडी आहे म्हणता. रोज किती लेकरं बसतात तिथं? एवढंच सांगा, बाकीच्या इतिहासाचं नंतर बघू.

मांजराकाठचा:
मामा, वीस-बावीस असतात. मी हे आधी लिहायला पाहिजे होतं. खरंय तुमचं.

गवंड्याचा पोरगा:
माझे वडील भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामावर होते, मी पण आता हेच काम करतो म्हणून बोलतो. तेरणेकडच्या भाऊचं नव्वद टक्के बरोबर, पण एक गोष्ट राहायली. जिथं माळवदाचं वजन लाकडी खांब-तुळईवर होतं तिथं बऱ्याच घरात भिंती बाहेर कोसळल्या आणि सागवानी सांगाडा तसाच उभा राहिला. मेलं ते जास्त करून भिंतीनं, कारण भिंतीच्या आतला पदर आणि बाहेरचा पदर वेगळा, मधी भुरका भरलेला, आरपार जाणारा लांब दगडच नाही. हादरा बसला की दोन्ही पदर उकलतात.

याला इलाज आहे. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, ठराविक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडून सळई टाकून काँक्रीटचा जोड भरायचा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरप्या लाकडी टेकणी मारायच्या, वरून सगळीकडून एक पट्टा फिरवायचा. पण हे मन लावून करावं लागतं. नुसता सिमेंटचा गिलावा थापून वरून ऑइलपेंट मारला तर भिंतीत ओल कोंडते आणि आतली माती पार भुगा होते. सरकारी कामात नेमकं हेच होतं, मी डोळ्यानं बघितलंय. आणि आरसीसी म्हणजे सुरक्षित हे पण डोक्यातनं काढा. कॉलमला रिंगा कमी टाकल्या, वाळू मातकट वापरली तर ती स्लॅब माळवदापेक्षा वाईट.

वेशीबाहेरची:
सगळं वाचलं. मी मांजराकाठच्याच गावची आहे, वर्ग पण एकच होता आमचा, त्याला कळेल मी कोण ते.

दादा, तू लिहिलंस आम्ही तिथं बसून पुस्तकं वाचली. माझी आजी त्या ढेलजेच्या पायरीच्या वर कधी गेली नाही. आजोबा सरपण फोडून द्यायचे, निरोप घेऊन गावोगाव पळायचे, त्याचे पैसे नव्हते, सुगीला मिळेल ते पदरात. ढेलजेबाहेर उभं राहून आवाज द्यायचा आणि आतून कोणी येईपर्यंत उन्हात थांबायचं. हे तुझ्या "थोडक्यात" मध्ये एका ओळीत पण नाही. सारा मोजला, तलाठी बसला, ज्वारी भरली, सगळं आहे.

बाबासाहेबांनी १९५० ला मराठवाड्यात मिलिंद कॉलेज काढलं तेव्हा कुण्या सरदाराच्या हवेलीला कॉलेजची पाटी लावून भागवलं नाही, कॉलेजचा नागसेनवन परिसर नवा उभा केला. नव्या जागेत कुणाला आत यायला संकोच वाटत नाही. पहिल्यांदा वाचनालयात गेले तेव्हा मी सातवीत होते आणि आई म्हणाली होती, दारात चप्पल काढ, कुणाला काही बोलू नको. त्या दाराची भीती तिच्यातून माझ्यात आली होती. म्हणून पाडा म्हणते मी. मला त्या सागवानाचं काही वाटत नाही.

किल्ले अर्कवाला:
मी किल्ले अर्कातल्या कॉलेजचा विद्यार्थी. मूळ पोस्टमधल्या उदाहरणाबद्दल थोडं. वापरामुळं जागा वाचते हे अर्धंच खरं. कॉलेज, ऑफिस आलं की पार्टिशन येतं, भिंतीत खिळे, कमानीत एसीचं भोक, गच्चीवर पाण्याची टाकी. सोनेरी महालाला नाव पडलं ते आतल्या सोनेरी चित्रकामावरून, आज त्याच्या खुणा शोधाव्या लागतात. नौखंड्याचा तर मूळ महाल किती आणि नंतरची भर किती हे जाणत्याला पण चटकन सांगता येत नाही. तरी माझं मत ठेवा असंच आहे, कारण पाडलेल्याला खुणा पण राहत नाहीत.

आणि वेशीबाहेरच्या ताईंना एक सांगतो, नम्रपणे. वाडा पाडला तर ती पायरी पण जाईल जिथं तुमची आजी थांबायची. उद्या कुणी म्हणालं की आमच्या गावात असलं काही नव्हतंच, तर दाखवायचं काय?

वेशीबाहेरची:
पुरावा सांभाळायचं काम पण आमच्याच डोक्यावर का? पण तुमचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, विचार करते.

मांजराकाठचा:
ताई, तू कोण ते कळलं. तू म्हणतेस ते मला खरंच माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं, लिहिलं नाही. आमच्या घरचे ढेलज ओलांडून आत ओसरीवर बसणारे होते, म्हणून मला वाडा म्हणलं की थंडगार सावली आठवते.

वाडा ठेवा हे माझं मत अजून तेच आहे, पण आता असं म्हणतो. दाराशी जो इतिहास लिहायचा त्यात देशमुखाची वंशावळ पहिली नको. वेठीला कोण होतं, पायरीवर कोण थांबायचं, कुळकायद्यात कुणाला किती जमीन मिळाली आणि कुणाला काहीच मिळाली नाही, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहायचं, आणि ते तू लिहावंस, मी नाही. आणि गवंडी दादा, तुम्ही सांगितलेल्या कामाचा अंदाज काढून द्याल का? निधी नव्या बांधकामाचा आहे, दुरुस्तीला वळवता येतो का हे ग्रामसेवकाला विचारतो.

वेशीबाहेरची:
मी लिहीन. पण आधी इथं टाकीन, सगळ्यांनी वाचायचं आणि एक शब्द कमी करायचा नाही, हे कबूल असेल तर ग्रामसभेत पाडा म्हणून हात वर करणार नाही. ठेवा म्हणून पण करणार नाही, सध्या तरी.

गवंड्याचा पोरगा:
रविवारी येतो. टॉर्च आणि शिडी तयार ठेवा, तुळईची टोकं वर चढून ठोकून बघावी लागतात, खालून काही कळत नाही.

तेरणेकडचा:
अंदाजपत्रक, ग्रामसभा, पाटी, सगळं सावकाश होऊ द्या. त्याला वर्ष लागेल नाहीतर दोन. लेकरं उद्या कुठं बसणार आहेत ते सांगा.

मांजराकाठचा:
आत्ताच अंगणवाडीच्या ताईला फोन केला. शाळेची एक खोली रिकामी आहे, सोमवारपासून तिथं बसवायचं म्हणाली. हेडमास्तरांना सकाळी मी बोलतो.