उपजत मृत्यू, गर्भपात, विल्हेवाट : दवाखान्याच्या कागदावरचे शब्द

मूळ धागा

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेचं बाळ तिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. रात्री अडीचच्या सुमारास दीर आणि मी दवाखान्याच्या काउंटरवर उभे होतो. आतून एक छापील कागद पुढे सरकला. त्यावर एकच ओळ होती, 'मृत अर्भकाची विल्हेवाट लावण्यास आमची संमती आहे', आणि खाली सहीसाठी रेघ. दिराने पेन उचललं, तसंच धरून ठेवलं आणि मला विचारलं, "वहिनी, विल्हेवाट म्हणजे काय करणार आहेत हे?"

माझं कामच मुद्रितशोधनाचं, मराठीतच दिवस जातो. शब्द ओळखीचा होता. कचऱ्याची विल्हेवाट, जप्त मालाची विल्हेवाट. पण त्याला सांगायला तोंड उघडेना. तेव्हापासून या विषयातले शब्द मी मिळतील तिथून टिपून ठेवते आहे. इथे शब्द बदलला की आईबापांचा हक्कही बदलतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आधी 'गर्भपात' घेऊ. आपली बोली या बाबतीत लख्ख आहे : पडणं आणि पाडणं. 'तिचं तिसऱ्या महिन्यात पडलं' यात कुणाचा हात नाही. 'पाडलं' म्हटलं की कर्ता आला. संस्कृतातही पात निराळा आणि पातन निराळं. आयुर्वेदाने तर आणखी बारीक पाहिलं : चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात, कारण तोवर शरीराला घट्टपणा आलेला असतो. आज मात्र आपोआप झालेला आणि करवून घेतलेला, दोन्हींना आपण एकच 'गर्भपात' लावतो. डॉक्टर कार्डावर 'इनकम्प्लीट ॲबॉर्शन' लिहितात. त्यांच्या भाषेत आपोआप झालेलंही ॲबॉर्शनच. तेच कार्ड ऑफिसात गेलं की वाचणारा मनात 'केलं' असं वाचतो आणि बाईकडे तशा नजरेने बघतो. पुढे 'क्युरेटिंग', म्हणजे गर्भाशय आतून साफ केल्याचं, लिहिलेलं असेल तर विचारायलाच नको. आईच्या पिढीच्या बायका 'पिशवी साफ केली' म्हणायच्या, त्यात निदान आरोप नव्हता.

रजेपुरता या नजरेला कायद्यात काहीच आधार नाही. १९६१चा प्रसूती लाभ कायदा काढा किंवा ज्यात तो सामावला ती सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० काढा. गर्भ आपोआप पडला तरी आणि कायदेशीर वैद्यकीय गर्भपात केला तरी पगारी रजा सहा आठवड्यांचीच. त्यातून दुखणं उद्भवलं तर आणखी एक महिना.

तुमच्याकडे यासाठी कोणते शब्द आहेत? घरातले, बोलीतले, कागदावरचे, सगळे सांगा.

प्रतिसाद १

माझी आजी 'मेलेलं उपजलं' म्हणायची. उपजणं म्हणजे जन्मणं. 'उपजत शहाणपण' मधला उपजत तोच. म्हणूनच पालिकेच्या खिडकीवर 'जन्म, मृत्यू व उपजत मृत्यू नोंदणी' हा फलक पहिल्यांदा वाचला तेव्हा मी गोंधळले होते. मृत्यू उपजत कसा असेल? नंतर समजलं की तो जन्मताच मृत, या अर्थाने आहे. शब्द खटकतो, पण 'मृतजात' पेक्षा मला तो जवळचा वाटतो, कारण त्यात जन्म झाल्याची कबुली आहे.

धागालेखिका

ही कबुली नुसत्या शब्दात नाही, कायद्यातही आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये 'जन्म' या शब्दाची व्याख्याच जिवंत जन्म किंवा मृत जन्म अशी आहे. म्हणजे उपजत मृत बाळ कायद्याच्या लेखी जन्मलेलं असतं. उलट 'मृत्यू' ची व्याख्या जिवंत जन्मानंतरचा अशी असल्यामुळे त्याचा मृत्यू मात्र वेगळा नोंदला जात नाही. मी ती दोन कलमं पाठोपाठ वाचली आणि बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही.

नोंद नमुना ३ वर होते, २१ दिवसांत. दवाखान्यात घडलं असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची, आईबापांची नव्हे. अट एकच, गर्भ २८ आठवड्यांचा झालेला हवा. त्याखाली कागदावर 'उपजत मृत्यू' लागत नाही.

पण इथे एक पेच आहे. रजेच्या कायद्यात 'गर्भपात' सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचाच, आणि त्याच कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे. मग सत्ताविसावा आठवडा चालू असताना बाळ गेलं तर? नोंदणी कार्यालयाच्या दृष्टीने जन्म झाला नाही. मालकाच्या दृष्टीने मात्र ते बाळंतपणच, रजा प्रसूतीची, सहा आठवड्यांवर बोळवण करता येत नाही. म्हणून कार्डावर पूर्ण झालेले आठवडे आणि दिवस नीट लिहून घ्या. अंदाजे 'सात महिने' असं चालवून घेऊ नका.

प्रतिसाद २

केंद्र सरकारी कार्यालयात आस्थापनेला आहे. आमच्याकडे सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच गेलं तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. तिथेही मृत जन्मासाठी २८ आठवडेच धरले आहेत, आणि 'लगेच' म्हणजे २८ दिवसांच्या आत. अर्ज करताना बायका कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहितात. मी त्यांना हळूच सांगतो की ताई, कारण स्पष्ट लिहा, नाहीतर ही रजा देता येत नाही.

प्रतिसाद ३

मी प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे. आमच्याकडे अशा वेळी 'पिवळी पिशवी' हा शब्द चालतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पिवळ्या वर्गात मानवी अवयवांबरोबर गर्भही येतो, पण तो वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या हिशेबाने जगण्याच्या मुदतीखालचा, म्हणजे बाहेर आल्यावर जगू शकेल इतका न वाढलेला. आम्ही आता २४ आठवडे धरतो. नातेवाइकांना ते घरी न्यायचं असेल तर त्याच क्षणी बोलावं, पिशवी वॉर्डातून गेल्यावर काही हातात राहत नाही.

दुसरं, बाळाने एक श्वास जरी घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दिसली, तर आठवडे कितीही असोत, तो जिवंत जन्म. मग जन्माचीही नोंद आणि मृत्यूचीही. हलकं, हाताएवढं बाळ असलं की घाईत 'ॲबॉर्शन' लिहिलं जातं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल तर डॉक्टरांना तिथेच सांगा.

धागालेखिका

सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. म्हणजे तीस आठवड्यांचं आमचं बाळ कचऱ्याच्या त्या वर्गात बसतच नव्हतं, आणि तरी कागदावर विल्हेवाट होती.

कागदपत्रांचंही सांगून ठेवते. रुग्णाने मागितल्यावर केसपेपरच्या प्रती ७२ तासांत द्यायच्या असतात, तसं डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांतच आहे. बिल बाकी आहे म्हणून देह अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत आलं आहे.

त्या रात्री यातलं काही मला माहीत नव्हतं. दिराच्या हातातलं पेन मी घेतलं, 'विल्हेवाट लावण्यास' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दफनासाठी बाळ आईवडिलांच्या ताब्यात मिळावे'. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, छापील फॉर्ममध्ये बदल चालत नाही." तेवढ्यात आतून एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी कागद वाचला, त्या खाडाखोडीखाली स्वतःची सही केली आणि जावेकडे जाऊन विचारलं, "बाळाला घेणार का थोडा वेळ?"

तिने घेतलं. सासूबाईंनी पिशवीतून आणलेलं टोपडं घातलं. पहाटे पाऊस उघडल्यावर दीर आणि सासरे माती देऊन आले. नमुना ३ अकराव्या दिवशी गेला. नावाला त्यात रकानाच नाही.