बाधितांत लसवालेच जास्त, मग लस कुचकामी?

पंचवटीकर: कोविडची लस कुचकामी ठरवणारा तो जुना मेसेज आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत फिरतोय. अमेरिकेतलं प्रॉव्हिन्सटाउन, जुलै २०२१. मॅसॅच्युसेट्सच्या ४६९ रहिवाशांना लागण, त्यातल्या ७४ टक्क्यांचं लसीकरण पूर्ण. आकडा खरा, सीडीसीचाच, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा. निष्कर्ष मात्र साफ चुकलाय. समजा, गंगापूर रोडच्या एका सोसायटीत १०० माणसं, पैकी ९० लस घेतलेली. त्यातली १८ पॉझिटिव्ह, उरलेल्या १० पैकी ४. बाधित २२, त्यात लसवाले ८२ टक्के! पण लागणीचं प्रमाण बघा: लसवाल्यांत २० टक्के, बाकीच्यांत ४०.

सिडकोवाला: १८ आणि ४ तुम्हीच ठरवलेत, मग उत्तर हवं तेच येणार. खऱ्या आकड्यांवर या. त्या राज्यात पात्र लोकांपैकी ६९ टक्क्यांचं लसीकरण झालं होतं, बाधितांत ७४. फरक कुठं पडला? शिवाय ॲडमिट झालेले ५, त्यातले ४ लसवाले. हे का गाळलंत?

पंचवटीकर: ६९ टक्के अख्ख्या राज्याचे. लागण झाली सुट्टीत जमलेल्या गर्दीत, बहुतेक पुरुष. त्या गर्दीत लस किती जणांनी घेतली होती, हे कुणी मोजलं? कुंभमेळ्यात रामकुंडावर आजारी पडलेले मोजायचे आणि तुलना करायची नाशिक जिल्ह्याच्या लसीकरणाशी, तसलाच प्रकार. पाच जणांवरून टक्केवारी तर काढूच नये. मृत्यू एकही नव्हता, तेही मेसेजमध्ये नाही.

अंबड_एमआयडीसी: छेदाचा, म्हणजे 'एकूण किती जणांपैकी' या आकड्याचा घोळ आपल्याकडेही आहेच की. जनगणना २०११ ची. कामगार लस घेणार गावी, पॉझिटिव्ह निघणार सातपूरला. जानेवारी २०२२ मध्ये तर घरीच किटवर टेस्ट करून लोक गप्प बसले. ब्रिटनमध्ये २०२१ च्या अखेरीस काही वयोगटांत लसवाल्यांतला लागणीचा दर जास्त दिसत होता. तिथंही लस न घेतलेले नेमके किती, यावरच वाद. लोकसंख्येचा अंदाज बदलला की दर बदलायचा.

सिडकोवाला: म्हणजे छेदच पक्का नाही! मग 'लस नाही तर प्रवेश नाही' कशाच्या जोरावर लावलं होतं? प्रॉव्हिन्सटाउन प्रकरण सुरू असतानाच, २७ जुलै २०२१ ला, सीडीसीनं लसवाल्यांनाही परत मास्क लावायला सांगितलं. डोस घेतलेलाही संसर्ग पसरवू शकतो, हे तेव्हाच कळलं होतं.

पंचवटीकर: त्या नियमाची वकिली मी करत नाही. लस लागण किती अडवते हा एक प्रश्न, आयसीयू किती टाळते हा दुसरा. इस्रायलमध्ये ऑगस्ट २०२१ ला गंभीर रुग्णांत निम्म्याहून जास्त लसवाले होते. कारण म्हातारी माणसं जवळजवळ सगळी लस घेतलेली. वयोगट वेगळे केले की लसीचा फायदा ठळक दिसतो.

सिडकोवाला: वयोगटांचा तक्ता टाका, वाचतो. फक्त ज्यांना आधी कोविड होऊन गेला होता, ते त्यात वेगळे दाखवलेले हवेत. दुसऱ्या लाटेनंतर असे लोक आपल्याकडे घरोघरी होते. त्यांची प्रतिकारशक्ती कुणाच्या खात्यात धरली?