अध्यक्षांच्या हातात काय असतं?
काहीजण म्हणतात की लोकसभा अध्यक्षांच्या हातात "शांत बसा, शांत बसा" म्हणण्यापलीकडे काही नसतं. तसं नाही हो. लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ३७३ खाली ते गोंधळ घालणाऱ्या सदस्याला त्या दिवसापुरतं बाहेर काढू शकतात. ३७४ खाली सदस्याचं नाव पुकारायचं, पण निलंबनाचा ठराव सभागृहानेच करायचा. २००१ मध्ये ३७४-अ आला: हौद्यात (अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत) उतरून गोंधळ घातला आणि अध्यक्षांनी नाव घेतलं की आपोआप सलग पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, जे कमी असेल तितकं निलंबन. राज्यसभेत मात्र हा आपोआपचा प्रकार नाही, तिथे ठराव लागतोच.

आता ठराव बहुमताने होतो, म्हणजे बाहेर बहुधा कोण जाणार हे सांगायला नकोच. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले, सगळे विरोधी बाकांवरचे.