नशिबाचं राहू द्या, तयारीचं बोला
बरेच जण म्हणतात की शेवटी नशिबात असेल तेच होतं, मला नाही पटत. बीडच्या धावपटू अविनाश साबळेचं बघा ना, दुष्काळी भागातलं पोरगं, आर्मीत गेला, सियाचीनला ड्युटी केली आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची ३००० मीटरची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंद मारलं, गोल्ड हुकलं फक्त ०.०५ सेकंदानं! तेवढ्याला नशीब म्हणा हवं तर, पण या शर्यतीत वर्षानुवर्षं वरचढ असलेल्या केनियावाल्यांना तिथवर घाम फोडणं नशिबानं नाही होत. मी पहिल्या हाफ मॅरेथॉनआधी दोन महिने "उद्यापासून नक्की" करत काढले, पंधराव्या किलोमीटरला पोटऱ्या अशा धरल्या की फुटपाथवर बसून केळं खात बसलो. पुढच्या वर्षी पाचचा गजर आणि शूज उशाशी (बायको वैतागली, तो भाग वेगळा), तेव्हा कुठं न थांबता पोचलो.