मदत हवी आहे: लग्नाशिवाय एकत्र राहून वेगळे झाल्यावर दोघांच्या नावावरील घराचे हिस्से कसे ठरवावेत?

नमस्कार.

मी आणि माझा पूर्वीचा जोडीदार लग्न न करता सात वर्षे एकत्र राहिलो आणि अकरा महिन्यांपूर्वी वेगळे झालो. दोघांच्या नावावर घेतलेल्या घराला या महिन्यात पाच वर्षे पूर्ण झाली. आता तो तिथे राहतो आणि मी भाड्याच्या घरात. घर त्याने ठेवावे व माझा हिस्सा मला पैशांत द्यावा, यावर आमचे एकमत आहे. अडले आहे ते 'माझा हिस्सा' म्हणजे नेमका किती, यावर. कागदपत्रांसाठी वकील गाठणारच आहे, परंतु त्याआधी हिशेबाची पद्धत स्वतःला समजावी, म्हणून हा धागा.

खरेदीखतात दोघांची नावे आहेत, हिस्स्यांचा उल्लेख नाही. खरेदीची किंमत १०० धरली, तर पदरचे ३० घातले, त्यांत माझे २० आणि त्याचे १०. उरलेल्या ७० साठी दोघांनी मिळून ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांचे कर्ज घेतले. हप्ता पहिल्यापासून त्याच्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला वळता होतो आणि एकत्र असेपर्यंतचा बाकी सगळा घरखर्च मी केला. ही वाटणी आम्ही ठरवून केली होती, पण तोंडी. त्यामुळे आज त्याच्या खातेउताऱ्यात एकाच रकमेच्या साठ ओळी ओळीने उभ्या दिसतात, आणि माझ्या उताऱ्यात किराणा, वीजबिल, गॅस, नळदुरुस्ती अशा शेकडो चिल्लर ओळी, ज्यांपैकी एकीवरही 'घरासाठी' असे लिहिलेले नाही.

दोन मूल्यांकनांची सरासरी घेता घराची किंमत आज १२५ आहे. कर्ज ६१.७ बाकी आहे, म्हणजे वाटण्याजोगे ६३.३ उरतात. त्याची पद्धत सरळ आहे: त्याने १० आणि हप्त्यांचे ३६.४ भरले, मी २० भरले, म्हणून माझा हिस्सा ३० टक्के. या हिशेबाने मला १९ मिळतात. पाच वर्षांपूर्वी २० घातले, घराची किंमत पावपट वाढली, आणि माझ्या हाती घातले होते त्याहून कमी येते, हे मला पटत नाही. परंतु चूक नेमकी कुठे आहे, ते त्याला मांडून दाखवता येत नाही.

मी बँकेकडून कर्जाचा तक्ता मागवला, तेव्हा दिसले की भरलेल्या ३६.४ पैकी मुद्दलात फक्त ८.३ गेले, म्हणजे जेमतेम २३ टक्के. बाकी सारे व्याज. घरखर्च माझा होता म्हणून हे मुद्दल निम्मे-निम्मे धरले, तर माझा हिस्सा ६३ टक्क्यांवर जातो. खरेदीखतावर दोन नावे आहेत एवढेच पाहिले, तर ५०. एकाच घराचे ३०, ५० आणि ६३ असे तीन हिशेब समोर आहेत आणि आपापल्या जागी प्रत्येक खरा वाटतो. आपल्यापैकी कोणी असा हिशेब प्रत्यक्ष मिटवला असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

लग्न नसल्यामुळे विवाहाचे कायदे बाजूला राहतात आणि प्रश्न बहुतेक ठिकाणी साध्या मालमत्ता-कायद्यावर येतो. उदाहरणार्थ, भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४५ असे सांगते की, वेगवेगळ्या पैशांतून एकत्र खरेदी झाली असेल आणि वेगळा करार नसेल, तर हिस्से ज्याने जितका मोबदला घातला त्या प्रमाणात असतात, आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल, तर ते समान मानले जातात.

आपण दोघेही एक गोष्ट विसरत आहात: ते ७० आले कुठून? कर्जावर दोघांच्या सह्या आहेत, अर्थात बुडाले असते तर बँकेने दोघांनाही धरले असते. म्हणून ते ७० निम्मे-निम्मे दोघांनी घातले असे धरावे, असे माझे मत आहे. मग खरेदीतील आपला वाटा २० अधिक ३५, म्हणजे ५५, आणि त्याचा ४५. आजच्या १२५ मधील ५५ टक्के म्हणजे ६८.७५, त्यातून निम्मे कर्ज वजा करा, साधारण ३७.९ उरतात.

त्याच्या पद्धतीतील चूक अशी की, त्याने व्याजालाही गुंतवणूक धरले. व्याज हा पैसा वापरण्याचा खर्च आहे, आणि तो खर्च भागवता यावा म्हणूनच आपण किराणा भरत होतात. एकत्र राहतानाचा हप्ता व घरखर्च एकमेकांसमोर मिटवून टाकावेत. कोणी कोणाला उसने दिले नव्हते. नाहीतर आपल्याला सहलीच्या तिकिटांपर्यंत मागे जावे लागेल, आणि एकदा तिथे पोहोचले की समझोता होत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रतिसाद २

वरील मांडणी पटते, मात्र शेवटचे अकरा महिने वेगळे काढावेत. या काळात घरखर्चाची बाजू संपलेली आहे, तो एकटा राहतो आणि एकटा हप्ता भरतो. येथे एक व्यवहार्य तोड अशी: त्याने आपली जागा वापरल्याचे निम्मे भाडे आणि आपण देणे असलेले निम्मे व्याज समोरासमोर वजा करावे, मुद्दलाचा निम्मा भाग मात्र त्याला द्यावा. आपल्या आकड्यांनुसार अकरा महिन्यांत मुद्दल सुमारे १.८ ने कमी झाले असेल, म्हणजे ०.९ त्याचे. ३७.९ चे ३७ होतात.

कृपया हे फार लांबवू नका. इंग्लंडमधील जोन्स विरुद्ध केर्नॉट या खटल्यात घर १९८५ मध्ये दोघांच्या नावावर घेतले होते. १९९३ मध्ये तो बाहेर पडला, ती मुलांसह राहिली आणि पुढे वर्षानुवर्षे हप्ते तिनेच भरले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तिला ९० आणि त्याला १० टक्के हा हिस्सा कायम केला. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असला, तरी बाहेर पडणाऱ्याच्या बाजूने वेळ सहसा जात नाही.

आणखी एक, आणि माझ्या मते आकड्यांहून महत्त्वाचे. तुम्हा दोघांत काहीही ठरले तरी बँक त्याला बांधील नाही. हक्कसोडपत्रावर सही झाली आणि कर्जावर आपले नाव तसेच राहिले, तर घर त्याचे आणि देणे आपलेही, अशी स्थिती होते. त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज ठेवण्यास बँक तयार आहे का, हे आधी लेखी घ्यावे. कर्जातून आपली मुक्तता, रक्कम आणि हक्कसोडपत्र एकाच दिवशी व्हावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ७० कोणी घातले, हा प्रश्न आम्हाला पाच वर्षांत एकदाही सुचला नव्हता. काल रात्री ही मांडणी एका कागदावर लिहून त्याला पाठवली. ३७ च्या आकड्यावर तो अजून बोललेला नाही, पण व्याजाला गुंतवणूक धरणे चूक आहे, हे त्याने मान्य केले. त्याने एक शंका मात्र काढली: घराची किल्ली अजून माझ्याकडे आहे आणि त्याने मला कधी अडवले नाही, तर भाडे कशाचे?

प्रतिसाद २

शंका रास्त आहे. आपण स्वखुशीने बाहेर पडलात आणि दार उघडे होते, तर भाड्याची मागणी अनेक ठिकाणी कमकुवत ठरते. मग निम्मे व्याजही आपल्याकडे येते, म्हणजे अकरा महिन्यांचे सुमारे २.४. तेवढे सोडले तरी ३४.६ उरतात. तडजोडीला जागा ठेवायची असेल, तर ती या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवा, १९ आणि ३७ च्या मध्ये नव्हे.