मदत हवी आहे: सॅन स्टॉर्मची क्लच प्लेट आताच बदलू की गणपतीनंतर?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीचा. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनायची ती दोन सीटची, फायबर बॉडी आणि रेनोचं इंजिन असलेली. गाडीवर माझा फार जीव आहे.

सध्या पेडल अगदी वर आल्यावर क्लच पकडतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, पण आंबा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज एकदम चढतो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात राहते. तिसऱ्यात क्लच अजून घसरत नाही. आरे-वारेच्या चढावर एसटीमागे अडकलो तेव्हा जळका वासही आला. पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी चाल) तपासून घेतला, तो बरोबर आहे. गिअर सहज पडतात.

मेकॅनिक म्हणतो, अजून चालेल. मला ते पटत नाही. घसरती प्लेट तापते आणि पुढे फ्लायव्हीलही (इंजिनची जड चकती, जिच्यावर ही प्लेट दाबून बसते) खराब करते. शिवाय प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग एकदमच बदलावं, असं माझं मत आहे.

दोन गोष्टी सांगा. ऑइल सील (तेल अडवणारी कडी) गळून प्लेटवर तेल आलं असेल तर गिअरबॉक्स न उतरवता ते कसं ओळखायचं? आणि या गाडीचा क्लच सेट कुणी अलीकडे बसवलाय का? कोल्हापूर किंवा पणजीकडे कुठे मिळाला, कृपया कळवा. सेट हातात आल्याशिवाय गाडी उघडायची नाही, आणि तोवर घाटात न्यायची नाही.